येर्को शुक्रवारी वारला

मंगळवारी सकाळी पेरिनाने गावातले नऊच्या नऊ कोंबडे टोपल्यांत कोंबले, टोपल्या होडीत ठेवल्या आणि बेटाच्या पलीकडच्या अंगाला, ऑलिव्हच्या मळ्यात नेऊन सोडल्या. तेही वल्ही मारत. मोटरी दुपारी बारापासून बंद ठेवायच्या होत्या, पण लोकांना सवय व्हावी म्हणून तिनेच त्या सकाळपासून बंद करायला लावल्या होत्या, आणि आता तिच्याच तळहातांना फोड आले होते. धक्क्यावर परत आली तर पाश्को आपल्या कॉफीच्या दुकानाबाहेर उभाच.

"झाले कोंबडे?" तो म्हणाला. "आता माझ्या सासऱ्याला कधी नेतेस? नऊ कोंबडे परवडले, असा घोरतो म्हातारा."

"तोंड बंद ठेव, पाश्को. बेटासाठी तेवढं केलंस तरी पुष्कळ."

"ठेवतो की. नियमच आहे ना तसा!"

पेरिना ओस्त्रिका बेटाच्या पर्यटन कार्यालयाची प्रमुख होती. हाताखाली कुणीच नाही, म्हणून प्रमुख. अकरा वर्षांत बाईने काय काय विकलं म्हणून सांगू! आधी साहस विकलं. एका जर्मन माणसाने कड्यावरून घसरून पाय मोडून घेतला. मग आरोग्य विकलं. धक्क्यावर योगासनांच्या चटया अंथरल्या आणि त्यांच्या मधूनच म्हातारे मासळीच्या पेट्या ओढत राहिले. मग 'लॅपटॉप घेऊन या, बेटावरून काम करा' आलं. आले चौघं, आणि दुसऱ्याच दिवशी इंटरनेट गेलं. दरवर्षी झाग्रेबच्या सहल एजन्सीतून क्रेशोचा फोन यायचा, "पेरिना, यंदा जग कुठे चाललंय, आहे का कल्पना?" आणि जग जिकडे चाललंय तिकडे तोंड करून पेरिना नवी पत्रकं छापायची. पत्रकांची शाई वाळते न वाळते तोच जग भलतीकडे वळलेलं असायचं.

यंदा जगाला शांतता हवी होती. व्हिएन्नाची एक संस्था गावागावांत जाऊन आवाज मोजायची आणि बहात्तर तास गाव गप्प राहिलं तर 'शांत गाव' असा शिक्का द्यायची. शिक्का मिळाला की नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला पंधरा पाहुणे पाठवीन, असं क्रेशोने लिहून दिलं होतं. पेरिनाला पाहुण्यांचं फारसं कौतुक राहिलेलं नव्हतं. तिला हवी होती बोट. हिवाळ्यात रोज एक बोट समोरच्या किनाऱ्यावर, स्प्लिट शहराला जायची, आणि आता वरून पत्र आलं होतं की उतारू वाढले नाहीत तर या हिवाळ्यापासून ती आठवड्यातून एकदाच. बेटावर माणसं एकशे बारा, त्यातली साठेक सत्तरीच्या पुढची. कुणाचं डायलिसिस, कुणाचे डोळे, कुणाची छाती. आठवड्यातून एक बोट म्हणजे काय, हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. गावसभेत सगळे हात वर झाले, पाश्कोचासुद्धा.

क्रेशोने नियमांचं दोन पानी टिपण पाठवलं होतं. मोटर नको, कोंबडे नकोत, कुत्री नकोत, रेडिओ नको, घंटा नको. घंटेपाशी मात्र गाडं अडलं, कारण चर्चची घंटा वाजवायचा तो पेरिनाचा बाप, वित्स्को.

"सकाळची नको, कबूल," वित्स्को म्हणाला. "दुपारची नको, तीही कबूल. पण कुणी गेलं तर?"

"बाबा, तीन दिवसांत कोण जातंय?"

"ते मला काय विचारतेस? वर विचार."

ओस्त्रिकावर माणूस घंटेनेच मरतो. मरणाऱ्याच्या घरून कुणीतरी वित्स्कोच्या दारात येऊन उभं राहतं, वित्स्को टोपी घालून तडक घंटाघराकडे जातो. पुरुष असेल तर तीनदा, बाई असेल तर दोनदा. ती ऐकली की शेतातला माणूस हातातलं टाकतो, समुद्रातला होडी वळवतो, आणि पाव तासात ते घर माणसांनी भरतं. पण घंटा होईपर्यंत 'गेला' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही, सांत्वनाला उंबरा ओलांडायचा नाही, बायकोने काळं नेसायचं नाही. डॉक्टरचा कागद सरकारसाठी. गावासाठी घंटा.

पेरिनाने घंटाघराची किल्ली बापाकडून काढून घेतली आणि कोटाच्या खिशात ठेवली. बापावर विश्वास नव्हता असं नाही, पण चाळीस वर्षांची सवय. बारा वाजले की म्हाताऱ्याचा हात आपोआप दोराकडे गेला असता.

बाराच्या जरा आधी व्हिएन्नाचे लोरेन्झसाहेब बोटीतून उतरले. उंच, सडपातळ, पायात रबरी तळाचे बूट. त्यांनी धक्क्यावर तिपाई मांडली, वर आवाज मोजायची एक करडी पेटी ठेवली आणि पेटीशेजारी खुर्ची टाकून वाचत बसले. माणूस इतका गप्प की त्याच्यापुढे कपबशी ठेवताना पाश्को खाली फडकं घालायचा.

बुधवार उत्तम गेला. गाव कुजबुजत होतं. आवाज बंद झाल्यावर बायकांना कळलं की तिसऱ्या घरातलं बोलणंही ऐकू येतं, आणि त्यावरून दोन कडाक्याची भांडणं झाली, दोन्ही कुजबुजत. पेटीचा काटा हलला नाही. पेरिना अकरा वर्षांत पहिल्यांदा बरी झोपली.

गुरुवारी सकाळी दहाला वित्स्को कार्यालयाच्या दारात आला. टोपी डोक्यावर होती.

"किल्ली," तो म्हणाला.

पेरिना खुर्चीतून उठली. "कोण?"

"लुत्से येऊन उभी राहिली दारात."

म्हणजे लुत्सेचा नवरा, येर्को. वित्स्कोचा चाळीस वर्षांचा जाळ्यावरचा जोडीदार. पेरिनाला पोहायला, वल्हवायला, शिव्या द्यायलासुद्धा शिकवलं ते याच येर्कोबार्बाने, येर्कोकाकाने. मागच्या हिवाळ्यात आठवड्यातून तीनदा हीच बोट त्याला स्प्लिटच्या इस्पितळात नेत होती. पेरिनाला रडू आलं आणि त्याच क्षणी रागही आला. बेटाचा, क्रेशोचा, त्या करड्या पेटीचा, आणि देवाशपथ, येर्कोबार्बाचासुद्धा. आणखी एक दिवस काढला असता तर!

"बाबा, उद्या बारापर्यंत थांबा."

"मेलेला माणूस थांबत नसतो."

"मेलेलाच थांबतो! थांबता येत नाही ते जिवंतांना. बोट गेली तर पुढच्या वर्षी तुमची छाती धरून मी काय पोहत जाऊ स्प्लिटला?"

बोलून गेली आणि तिलाच थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"हे तू लुत्सेला जाऊन सांग," वित्स्को म्हणाला. "मला जमणार नाही."

लुत्से स्वयंपाकघरात निळा एप्रन बांधून पालेभाजी निवडत होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण भाजीतली चांगली पानं ती टाकून देत होती आणि देठ ठेवत होती.

"तेता," पेरिना म्हणाली; बेटावर काकूला तेताच म्हणत. "मला फार..."

"बस. कॉफी ठेवते."

"तेता, बार्बाचं कळलं, फार वाईट..."

"कशाचं वाईट? घंटा झाली का?"

"नाही."

"मग?"

पेरिना बसली. बोट, शिक्का, बहात्तर तास, सगळं सांगून टाकलं. सांगताना आपलंच बोलणं तिला पत्रकासारखं वाटत होतं. "तुम्ही नको म्हणालात तर आत्ता किल्ली देते बाबांना," ती म्हणाली. पण खिशातल्या किल्लीवर मूठ इतकी घट्ट आवळलेली की बोटं दुखायला लागली.

लुत्सेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उद्या बारा म्हणजे जवळजवळ सव्वीस तास."

"बारा म्हणजे बाराच. एक मिनिट वर नाही."

"त्याला कुठे जायचंय," लुत्से म्हणाली. "पडून राहील."

अर्ध्या तासात सगळ्या गावाला कळलं, आणि सगळं गाव काही कळलं नसल्यासारखं वागायला लागलं. शेजारीण खिडकीखालून जाताना हळूच विचारायची, "लुत्से, येर्को कसा आहे गं?"

"आहे तसाच."

"बरं, बरं. झोपू दे."

खिडक्यांची दारं लावून आत घरोघरी काळ्या कपड्यांवर इस्त्री फिरत होती. पण त्या घरात पाऊल कुणी टाकेना. दुपारी लुत्सेने टेबलावर दोन ताटं मांडली; समोरच्या घरातून दिसत होतं. एकटी बसून तिने एका ताटातलं खाल्लं आणि दुसरं झाकून ठेवलं. पेरिनाला हे बघवेना. ती तणतणत पाश्कोकडे गेली.

"अरे, जा ना कुणीतरी आत! बाई एकटी बसलीये सकाळपासून!"

"घंटेच्या आधी?" पाश्को हबकलाच. "मी काय तिच्या नवऱ्याच्या मरणावर टपून बसलोय?"

"मेलाय तो, पाश्को! मेलाय!"

"हळू," पाश्को म्हणाला आणि लोरेन्झसाहेबांकडे डोळ्यांनी खूण केली. "तुझीच पेटी आहे."

पेरिना स्वतः सूप घेऊन लुत्सेच्या दाराशी गेली. सकाळी कामासाठी आत गेली होती ती गोष्ट वेगळी, पण आता जवळ बसायचं म्हणून जायचं, तर पाय उंबऱ्यापाशी थबकले ते थबकलेच. एवढी शिकलेली बाई, बर्लिनच्या पर्यटन मेळाव्यात भाषणं ठोकून आलेली, आणि एका उंबऱ्यावरून पाय उचलेना. लुत्सेने दारातच भांडं घेतलं. "उद्या ये," म्हणाली.

लोरेन्झसाहेबांना विचारावं का? दोनदा पेरिना त्यांच्या खुर्चीपर्यंत गेली आणि दोनदा हवापाण्याचं बोलून परत आली. शेवटी तिने क्रेशोला फोन लावला.

"व्हिएन्नाला विचार ना, एक घंटा चालेल का म्हणून. फक्त एक. माणूस गेलाय इथे."

"वेडी आहेस का? आता काही विचारू नकोस, मागू नकोस! संशय येईल त्यांना." मग क्रेशोचा आवाज बदलला. "एक मिनिट. म्हणजे तुम्ही मयताची घंटासुद्धा थांबवलीत? अख्ख्या गावाने? पेरिना, अगं, सोनं आहे हे सोनं! याच्यापुढे शिक्का झक मारतो."

पेरिनाने फोन बंद करून टेबलाच्या खणात टाकला आणि खण इतक्या जोरात लावला की नंतर स्वतःच दचकून धक्क्याकडे पाहिलं.

शुक्रवारी बाराला पाच कमी असताना तिने बापाच्या हातात किल्ली दिली. वित्स्कोने ती घेतली. गुरुवारपासून तो तिच्याशी बोललाच नव्हता.

बाराला लोरेन्झसाहेबांनी पेटीचं बटण बंद केलं, आकडे पाहिले आणि चक्क हसले. "अभिनंदन. इतकं शांत गाव मी सात वर्षांत पाहिलं नाही. शिक्का तुमचाच." पेरिनाच्या अंगातला सगळा ताण एकदम उतरला. आणि वर घंटा सुरू झाली. पहिली फेरी. मग थोडा खंड. दुसरी. धक्क्यावरच्या माणसांनी टोप्या काढल्या, पाश्कोने दुकानाचं दार ओढून घेतलं, खिडक्या उघडल्या. तिसरी.

"ही कशाची घंटा?" लोरेन्झसाहेबांनी विचारलं.

"एक गृहस्थ वारले आमचे. खरं म्हणजे काल सकाळीच. पण तुमचं मोजमाप चालू होतं, म्हणून आम्ही थांबलो."

"थांबलात? का?"

"नियम... घंटा नको, असा नियम आहे ना?"

लोरेन्झसाहेब गोंधळले. त्यांनी पिशवीतून नियमांचं जाडजूड जर्मन पुस्तक काढलं, पान उलटलं आणि तिच्यापुढे धरलं. अकरावं पान. प्रार्थनास्थळांचे आवाज, लग्नाचे, मयताचे आवाज, धोक्याचा इशारा: हे सगळं मोजणीतून वगळलेलं. पेरिनाला जर्मन उत्तम यायचं. हेच पुस्तक तीन महिने तिच्या टेबलावर पडून होतं, आणि त्याच्यावर ती कॉफीचा कप ठेवत होती, कारण क्रेशोचं दोन पानी टिपण होतं ना!

"आम्ही माणसांच्या मरणावर बंदी कशी घालू, बाई?" लोरेन्झसाहेब हळूच म्हणाले. माणूस भला होता. त्याच्यावर ओरडायचीही सोय नव्हती.

तिने धक्क्याच्या टोकाला जाऊन क्रेशोला फोन केला.

"अगं, ते घंटेचं मीच घातलं," क्रेशो म्हणाला. "पाहुण्यांना सकाळी झोपायचं असतं. म्हटलं, सवय लागेल गावाला. एवढं काय त्यात?"

"एवढं काय? एवढं काय? अरे नालायका, एका म्हातारीने मेलेल्या नवऱ्याशेजारी अख्खा दिवस आणि अख्खी रात्र एकटीने काढली! बाजूला माणूस नाही, मेणबत्ती नाही!"

"हो ना, तेच तर लिहिलंय मी. सकाळीच इंटरनेटवर टाकलं. 'बोटीसाठी गप्प राहिलेलं गाव.' लोक रडतायत, पेरिना. मार्चपर्यंतच्या खोल्या भरत आल्या."

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

"कशी काढू? आणि का काढू? खोटं काय आहे त्यात?"

तिने त्याला येर्कोबार्बाने शिकवलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. एकही सोडली नाही. त्याने क्रेशोने टाकलेलं मागे येणार नव्हतं आणि गुरुवारही परत येणार नव्हता, पण दिल्या.

लुत्सेचं घर भरून गेलं होतं. अंगणात पुरुष, आत बायका, टेबलावर सुके अंजीर आणि गोड वाइन. लुत्से काळं नेसून खुर्चीत बसली होती आणि काल दिवसभर न बोललेलं सगळं आज बोलत होती.

"रात्री मी त्याला म्हटलं, येर्को, एकच दिवस काढ रे. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस, एवढं ऐक. बोटीसाठी आहे. तर पडून राहिला बिचारा. शहाण्यासारखा पडून राहिला."

बायका डोळे पुसत होत्या. वित्स्को दाराशी उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. "येर्कोने बोट राखली," पाश्को म्हणाला, आणि या खेपेला त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

पेरिनाला ते ऐकवेना. ती लुत्सेच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "तेता, जरा स्वयंपाकघरात येता?" आत गेल्यावर दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगितलं. अकरावं पान, क्रेशोचं टिपण, पुस्तकावरचा कप. काही लपवलं नाही.

लुत्से ओट्याला टेकून ऐकत होती.

"म्हणजे वाजवली असती तर चाललं असतं?"

"हो."

"काल दहालाच?"

"हो, तेता. चूक माझी आहे. मी वाचायला हवं होतं. मला मारा, काय हवं ते करा."

लुत्सेने हात उचलला तेव्हा पेरिनाने खरंच डोळे मिटले. पण म्हातारीने तिचं मनगट धरलं. पकड कसली, पक्कडच.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"बापाला?"

"नाही."

"मग नको सांगूस. त्या परदेशी माणसाला बोटीत बसवून दे, आणि तोंड बंद ठेव."

"अहो, पण हे खोटं आहे, तेता! कशासाठीच नव्हतं ते! फुकट गेली तुमची..."

"गप्प!" लुत्से ओरडली. बाहेरचं बोलणं क्षणभर थांबलं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "खोटं तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे ती एक रात्र आहे. ती फुकट गेली म्हणतेस, तर मी ती घेऊन कुठे जाऊ?"



लुत्सेने मोकळ्या हाताने तोंड पुसलं, केस सारखे केले आणि दार उघडलं. सगळे तिच्याकडे आणि तिच्यामागे उभ्या पेरिनाकडे बघत होते.

"काय झालं?" वित्स्कोने विचारलं. कालपासून तो पहिल्यांदाच मुलीशी बोलत होता. "शिक्का मिळाला ना?"

लुत्सेने मनगट सोडलं नव्हतं.

"मिळाला," पेरिना म्हणाली. "येर्कोबार्बामुळेच मिळाला, बाबा."